पेनड्राइव्ह काढ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे काही मी कौतुकानं सांगत नाही. त्या रागापायी माझ्या थोरल्या भावाची बारा वर्षांची मेहनत एका सोमवारी दुपारी पुसली गेली, म्हणून सांगते.

थोरल्या भावाला आम्ही अण्णा म्हणतो. तो शब्द कानडीतून आमच्याकडं आला आणि घरचाच झाला. आमचं घर सीमाभागातल्या संतपूरचं. घरात मराठी, बाजारात कानडी, एसटीच्या थांब्यावर दखनी, असं सगळं एकाच दिवसात बोलून व्हायचं आणि आपण तीन भाषा बोलतोय हे कुणाच्या गावीही नसायचं. अण्णा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मला पाढे त्यानंच शिकवले, तेही उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढ्यात घेऊन. बरोबर आलं की शेंग माझी, चुकलं की त्याची. सतराच्या पाढ्याला मी जवळजवळ उपाशीच राहिले. तेव्हाही मी चिडायचे, शेंगा उधळून द्यायचे, आणि तो शांतपणे एकेक वेचून पुन्हा पुढ्यात ठेवायचा.

पुढं मी शिकले, पुण्याला गेले आणि कंपन्यांचे सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीला लागले. अण्णा चिटगुप्प्याला हायस्कुलात गणिताचा मास्तर झाला. शाळा कानडी माध्यमाची. आसपासच्या खेड्यांतून येणारी निम्मी मुलं घरी मराठी बोलणारी. पुस्तकात 'भिन्नराशी' असं छापलेलं असायचं आणि पोरं भांबावून बघत राहायची. मग अण्णा सांगायचा, "भिन्नराशी म्हंजे अपूर्णांक. अपूर्णांक म्हंजे चतकोर भाकर." चतकोर म्हटलं की सगळ्यांना कळायचं. कारण चतकोर भाकरीवरून घरात भांडण झालेलं नाही असं पोर आमच्या भागात सापडायचं नाही.

हे असं शिकवणं तो मोबाइलवर टिपून ठेवू लागला. खिडकीच्या गजाला मोबाइल सुतळीनं बांधायचा, समोर फळा, आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गाला शिकवायचा. एक धडा दहा-पंधरा मिनिटांचा. बारा वर्षांत तीनशेच्या वर धडे झाले. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत कुणीतरी देणगी दिलेला एक जुना सर्व्हर होता, त्यात ते सगळे ठेवलेले. त्या सर्व्हरला दोन डिस्क होत्या. लहान डिस्कमध्ये यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, मोठीत नुसते धडे. खोलीतल्या तीस कॉम्प्युटरांवर मुलं ते धडे बघायची. गैरहजर राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन कालचा वर्ग बघायचा. कापणीच्या दिवसांत तर बरेचजण असेच शिकायचे.

अण्णाची सेवा संपायला एक आठवडा उरला होता. शनिवारी निरोपसमारंभ. त्या दिवशी तीसही कॉम्प्युटरांवर धडे लावून दाखवायचे आणि चालू स्थितीत सगळं नव्या मास्तरांच्या हाती द्यायचं, एवढीच त्याची इच्छा. पण सर्व्हरची जुनी सिस्टिम दर तासाला अडकून बसत होती. मी म्हटलं, नवी सिस्टिम घालू. पुण्यात बसून पेनड्राइव्ह तयार केला आणि भालकीच्या बसच्या ड्रायव्हरकडं दिला. अण्णा भालकीला जाऊन घेऊन आला.

"धड्यांची दुसरी प्रत आहे ना कुठं?" मी फोनवर विचारलं होतं.

"मोठ्या डिस्कला आपन हातच लावनार न्हाई की," तो म्हणाला. "प्रत कामून पायजे?"

हे ऐकून मी तिथंच थांबायला हवं होतं. गिऱ्हाइकांना मी या एका वाक्यावरून अर्धा तास झापते. पण घरचं काम म्हटलं की आपण शहाणपण बाजूला ठेवतो.

सोमवारी दुपारी त्यानं काम सुरू केलं. सुरू करण्याआधी सर्व्हरला कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. पेनड्राइव्ह खोचला, त्यालाही कुंकू लावलं. सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं. मी एकीकडं मीटिंगची तयारी करत हं हं करत होते. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा फोन आला.

"झालं बघ. पट्टी शेवटपर्यंत भरली. आता पडद्यावर म्हनायलंय, इन्स्टॉलेशन मीडियम काढा आन् एंटर दाबा. कुठलं मीडियम काढायचं गं, कानडी का मराठी?"

मला हसूच फुटलं. त्या माणसाचा जन्म कानडी मीडियम आणि मराठी मीडियम यांच्या मधल्या भिंतीवर बसून गेला होता. मीडियम शब्दाला दुसरा काही अर्थ असतो हे त्याला कोण सांगणार?

"अण्णा, मीडियम म्हणजे तो पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह काढ आणि एंटर दाब."

"पेनड्राइव्ह काढू?"

"हो रे, काढ."

पलीकडं टक् असा कळ दाबल्याचा आवाज आला.

"निघाला का?" मी विचारलं.

"निघाला, निघाला. समदं आलंय पडद्यावर."

"मग आता ते विचारेल तसं करत जा," म्हणून मी फोन ठेवला आणि मीटिंगला गेले.

मीटिंगमध्येच त्याचा फोन आला. मी कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात घेतला.

"पुन्हा पहिल्यापासनं ईचारायलंय. भाषा कुठली, गाव कुठलं."

"पेनड्राइव्ह काढला होतास ना?"

"व्हय की. काढल्याबिगर कसं आलं असतं?"

माझं डोकं फिरलं. समोर काचेपलीकडं आठ माणसं माझी वाट बघत होती. "मग पुन्हा कर सगळं. आणि अण्णा, अरे केवढं साधं काम आहे हे, तुझ्या शाळेतल्या पोरांनाही जमेल."

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं फोन केला नाही. मला वाटलं, जमलं असेल.

संध्याकाळी पाचला मीच केला. तो अगदी शांत होता. "दुसऱ्या खेपेलाबी तसंच झालं. मग म्या ईचार केला, लहानी डिस्क बिघडलीया, तिच्यावर सिस्टिम बसंना झालीय. म्हनून तिसऱ्या खेपेला मोठीवर घातलो. पर आता धडे दिसंनात गं. कुठं गेलेत बघ जरा."

मी ओरडले, "बंद कर! वायर उपट! कशालाच हात लावू नको!"

खाड् असा आवाज आला. वायर त्यानं पहिल्याच हाकेला उपटली होती.

मंगळवारी दुपारी मी चिटगुप्प्यात उतरले ती एक मोठी कोरी डिस्क पिशवीत घेऊन. अण्णा कॉम्प्युटर खोलीत माझी वाट बघत बसला होता. बाहेरून धूळ येते म्हणून दार लावलेलं. एका दिवसात तो बारीक झाल्यासारखा दिसत होता, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी चपला काढल्या आणि सर्व्हरपुढं वाकले. समोरच पेनड्राइव्ह. जागच्या जागी खोचलेला, वर कुंकवाचा ठिपका.

"अण्णा, हा अजून इथंच आहे?"

"मग कुठं असंल?"

"मी काढ म्हटलं होतं ना तुला!"

"काढलो की! तीनदा काढलो!"

"कुठं काढलास? हा काय समोर दिसतोय!" माझा आवाज चढला होता. त्याचाही चढणार, एवढ्यात बाहेरून वहिनीची हाक आली. ती आमच्यासाठी जेवण घेऊन आली होती.

"अहो, कवाड काढा की! दोनी हातांत डबे हायत माझ्या."

अण्णा उठला, जाऊन त्यानं कवाड काढलं, आणि वहिनी आत आली.

मी तशीच वाकलेली राहिले. कवाड चौकटीत होतं, बिजागरीला होतं, कुणी उपटून बाजूला ठेवलेलं नव्हतं. आमच्याकडं कवाड काढतात म्हणजे उघडतात. पुस्तकाचं पान काढतात. फाईल काढतात. कानडीत 'तेगी' म्हटलं की त्यात उघडणंही आलं आणि बाहेर काढणंही आलं. आमच्या मराठीनं तोच कित्ता गिरवलाय. लहानपणी शाळेतून आले की मीही दारावर थाप मारून तेच ओरडायचे. वीस वर्षं पुण्यात दार उघड, दार उघड करत राहिले आणि माझ्याच घरचा शब्द माझ्या डोक्यातून निघून गेला.

तर मी म्हटलं पेनड्राइव्ह काढ, आणि अण्णानं एंटर दाबून तो काढला. म्हणजे उघडला. मी विचारलं निघाला का, तर पडद्यावर पेनड्राइव्हमधली पहिली पाटी उघडलेली त्याला दिसत होती. निघाला, म्हणाला. खोटं काहीच बोलला नव्हता. पेनड्राइव्ह जागेवरच असल्यामुळं यंत्र दर वेळी त्याच्यावरूनच सुरू व्हायचं आणि नव्यानं सिस्टिम घालायला बसायचं.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा वहिनी हसली. अण्णा हसला नाही. "उपट म्हनायचं की मग," तो म्हणाला. "उपट म्हनली असतीस तर उपटलो असतो. काल वायर उपटलो का न्हाई? काढ काढ कामून करायलीस?"

मी पेनड्राइव्ह उपटला आणि सर्व्हर लहान डिस्कवरून सुरू करून बघितला. मिनिटभरात नवी सिस्टिम झकास उभी राहिली. अण्णा पडद्याकडं बघत राहिला.

"म्हंजे, पहिल्याच खेपेला झालतं?"

"हो."

"लहानी बिघडली नव्हती?"

"नाही."

तो खुर्चीवर बसला. चष्मा काढून हातात धरला. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "चूक माझी आहे, अण्णा. मी तुला नीट विचारलं नाही. वर तुलाच बोलले."

"निम्मी तुजी, निम्मी माजी," गणिताचा मास्तर म्हणाला. मग चष्मा पुन्हा लावत, "पोरांना जमंल म्हनलीस, ते खरं हाय. एखाद्या पोराला ईचारायला पायजे हुतं मी. लाज वाटली."

तो हे रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मग मी कामाला लागले. मोठी डिस्क पुसली गेली होती खरी, पण पुसली म्हणजे सगळंच जातं असं नाही. नवी सिस्टिम जेवढ्या जागेवर बसली, तेवढ्या जागेवरचं गेलं. बाकीच्या जागेवरचे धडे तिथंच पडून होते, फक्त कुठं काय आहे ही यादी फाटली होती. त्या डिस्कवर एक अक्षरही न लिहिता तिच्यातून सापडेल ते वेचून माझ्या कोऱ्या डिस्कवर ठेवायचं, असा एक प्रोग्रॅम मी लावला. तो दीड दिवस चालला. मध्ये दोनदा लाइट गेली. तेवढ्या वेळात अण्णानं तीन वेळा मला विचारलं, "किती आले?" आणि तीसही कॉम्प्युटरांचे पडदे ओल्या फडक्यानं पुसले.

गुरुवारी सकाळी मोजलं. सत्तर-ऐंशी धडे कायमचे गेले होते. बाकीचे आले, पण नावाशिवाय. नुसते आकडे. कुठला अपूर्णांकांचा, कुठला वर्तुळाचा, काही कळायला मार्ग नाही. प्रत्येक धडा उघडून, बघून, नाव घालायचं. आम्ही दोघं दोन खुर्च्या जवळ ओढून बसलो, गुरुवार आणि शुक्रवार. वहिनी ज्वारीची भाकर आणि तुरीच्या डाळीचं वरण आणून द्यायची, आणि एका हातानं खात दुसऱ्या हातानं आम्ही धडे उघडायचो.

इतकी वर्षं मी त्याला शिकवताना बघितलंच नव्हतं. दिवाळीला यायचे तेव्हा शाळेला सुट्टी असायची. आता एकामागून एक अण्णा पडद्यावर येत होते. एकात केस काळेभोर, एकात कडेनं पिकलेले, एकात दाढ दुखते म्हणून गालाला रुमाल बांधलेला आणि तशातही वर्गमूळ चालू. वर्ष ठरवायला आम्ही त्याचे शर्ट धरले. "ह्यो शर्ट तू पाठवलेला, पहिल्या पगाराचा," असं म्हणून तो एक धडा मागच्या वर्षांत ढकलायचा. मी म्हणायचे, पहिला पगार तर तू मोबाइल घ्यायच्या कितीतरी आधीचा. मग तो म्हणायचा, "मंग? जपून वापरलो."

रिकाम्या वर्गाला तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी खरंच थांबायचा. कुणी नाही समोर. तरी मान तिरपी करून ऐकल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "बरोबर." मला ती मान चांगली ओळखीची होती. सतराच्या पाढ्याला मी अडायचे तेव्हा ती अशीच तिरपी व्हायची. मी रडायला लागले. अण्णा म्हणाला, "का गं, गणित अवघड गेलं?"

काही धडे अर्धवट निघाले. चालता चालता मध्येच चित्र थिजायचं. त्यातल्या एकाचं त्याला फार वाईट वाटलं. तो दोन बसचा धडा. भालकीहून एक बस निघते, चिटगुप्प्याहून दुसरी निघते, पहिलीचा वेग एवढा, दुसरीचा तेवढा, कधी गाठ पडेल? अगदी सुरुवातीच्या वर्षांतला धडा, आणि मुलांचा सगळ्यात आवडता, कारण त्यात तो ड्रायव्हर होऊन दोन्ही बसचे हॉर्न वाजवायचा. आठव्या मिनिटाला थिजला तो थिजलाच. मी आणखी दोन उपाय करून बघितले. निघाला नाही. "ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाला. "एवढं निघालं ते का थोडं हाय?" पण संध्याकाळपर्यंत त्यानं तो धडा तीनदा लावून बघितला.

शनिवारी सकाळी समारंभ कॉम्प्युटर खोलीतच ठेवला. हेडमास्तरांनी भाषणात धडे गेल्याचा उल्लेख केला. अण्णा जागेवरूनच म्हणाला, "माझ्या हातनं झालं ते. माझ्या बहिनीनं येऊन वाचवलं." मी ताडकन उठले खरं सांगायला. त्यानं माझ्याकडं असे डोळे वटारले की मी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नुसत्या डोळ्यांनी बसवलं.

मग शाल झाली, नारळ झाला, झेंडूचा जाडजूड हार झाला, आणि एका दहावीच्या मुलीनं उठून सांगितलं, आम्हाला दोन बसचा धडा बघायचाय. मी तिला खुणेनं नको नको म्हणतेय तोवर तिनं तो लावलासुद्धा. तीसही पडद्यांवर काळ्या केसांचा अण्णा आला. पोरं खुदखुदायला लागली. हॉर्न वाजले. दोन्ही बस निघाल्या. त्यानं फळ्यावर दोन वेग लिहिले, खडू वर उचलला आणि म्हणाला, "आता दोनी बस एकमेकीकडं यायल्यात, म्हनून दोघींचा वेग..."

आणि थिजला. तीस पडद्यांवर तीस खडू वर उचललेले.

हेडमास्तर घड्याळ बघू लागले. मी खाली मान घातली. आज, सगळ्यांसमोर, या दिवशी तरी हे व्हायला नको होतं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठला होता. अंगावर शाल, गळ्यात हार, तसाच तो खोलीतल्या फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि जणू मध्ये एक क्षणही गेला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "...म्हनून दोघींचा वेग मिळवायचा. कामून मिळवायचा?"

या वेळी समोर मुलं होती. चाळीस-पन्नास जणांनी एकदम उत्तर दिलं. काहींनी मराठीत, काहींनी कानडीत. तो मान तिरपी करून थांबला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर." मग भागाकार केला, गाठ पडायची वेळ काढली, दोन्ही बस थांबवल्या, आणि दोन्ही ड्रायव्हरांचा एकमेकांना रामराम करवला. हाराच्या पाकळ्या फळ्याखाली पडत होत्या. माझ्या हातात मोबाइल होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी ते सगळं टिपलं, तेवढं मात्र मला त्या दिवशी सुचलं.

परत यायच्या आधी ते दोन्ही तुकडे मी जोडून सर्व्हरवर ठेवले. दुसरी प्रत केली, तिसरीही केली. आता तो धडा पुरा आहे. आठव्या मिनिटाला अण्णाचे केस एका क्षणात पांढरे होतात, गळ्यात हार येतो, आणि वाक्य तेच पुढं चालू राहतं. मुलं तिथं हसतात म्हणे. मला तिथं दर वेळी रडू येतं.